एक कुटुंब, एक पत्ता

३ फेब्रुवारी
आले एकदाची बंगळुरूला. सर्जापूर रोडवर नवव्या मजल्यावर छोटंसं घर मिळालं. सामान म्हणजे दोन बॅगा आणि कुकर. मी बॅग टेकवायच्या आत शेजारच्या तुंगाबाईंनी माझी सगळी माहिती काढून घेतली. त्यांच्या मराठी घराण्याचं इथल्या चामराजपेटेत पिढ्यानपिढ्या कापडाचं दुकान आहे. मुलाकडे राहायला आल्यापासून मराठी बोलायला कुणी मिळेना म्हणून बाई अगदी कातावल्या होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही म्हणणार. त्यांनी सांबार आणून दिलं आणि वर स्वल्प तूप सोडून खा म्हणून बजावलं.

दारावर नाव लावलं, सुचेता. हे माझं माहेरचं नाव. लग्नात उल्हासनं ताटातल्या तांदळांत अंगठीनं मनस्विनी लिहिलं आणि मी त्या नावाला ओ देत राहिले. मनस्विनीला त्यानं खोलीत कोंडलं, तिचा हात मोडला. पळालीस तर शोधून काढीन आणि जिवंत ठेवणार नाही, असं त्यानं अगदी शांतपणे सांगितलं होतं. तो पुण्यात आहे. माझा नंबर नवा, बँकेतलं खातं नवं आणि पत्ता फक्त नागपूरला आईला ठाऊक. फोनमध्ये काही लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून ही वही.

१७ फेब्रुवारी
कामात जीव रमला. आमची कंपनी दुकानं, दवाखाने, जेवणाची पार्सलं, सगळीकडून लोकांची माहिती गोळा करते. एकाच माणसाच्या विखुरलेल्या नोंदी जुळवायच्या आणि तो अख्खा माणूस निरनिराळ्या ॲपना विकायचा, असा धंदा आहे. शाळेत मला ‘जोड्या लावा’ हा प्रश्न फार आवडायचा, इथे त्याचाच पगार मिळतो. शेजारी बसणारी रक्षिता मला कन्नड शिकवते आणि माझ्या उच्चारांना पोट धरून हसते.

९ मार्च
आज माझा भाव वधारला. महाराष्ट्रातल्या बायका सिस्टीमला सापडत नाहीत म्हणून आमचे साहेब, मोहनकुमार सर, वैतागले होते. त्यांचं म्हणणं, लग्न झालं की एक बाई गायब होते आणि दुसरीच उगवते. आमच्याकडे आडनावाबरोबर कधी कधी पहिलं नावही बदलतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी शहाणपणा पाजळला. म्हटलं, नाव बघू नका, आई बघा. मुलगी सगळं बदलेल, पण आईचा फोन रिचार्ज करायची थांबणार नाही. त्यावरून माहेरची बाई आणि सासरची बाई जोडा. सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. येताना अक्कांना पेढे आणले, घरी येऊन आईचा रिचार्ज केला आणि झोपले.

२१ मार्च
किराणा मागवायला ॲप उघडलं. वर लिहिलं होतं, नमस्कार मनस्विनी.
ॲप बंद करून परत उघडलं. तेच. काहीतरी चूक असेल. असायलाच हवी.

२४ मार्च
दारात पार्सल आलं. दाढीची ब्लेडं आणि बेचाळीस नंबरचा निळा शर्ट. नाव उल्हासचं. तो याच शहरात आहे असंच वाटलं.

रक्षितानं ऑफिसात शोधून काढलं. तो पुण्यातच आहे. माझ्या युक्तीनं सिस्टीमला मनस्विनी सापडली, आणि मनस्विनीवरून तिचा नवरा. आमची नवी सेवाच आहे, एक कुटुंब, एक पत्ता. नवराबायकोचे दोन पत्ते असले की सिस्टीम ती चूक समजते आणि जो नवा असेल तो ठेवते. म्हणजे त्यानं नेहमीसारखा शर्ट मागवला आणि पार्सल इकडे आलं. म्हणजे त्याच्या फोनवर माझा पत्ता आहे. मजल्यासकट.

२५ मार्च
मोहनकुमार सरांकडे गेले. आम्हाला वेगळं करा म्हणून विनवलं. ते फार सौजन्यानं बोलले. नोंद तोडायची तर कुटुंबप्रमुखाची संमती लागते म्हणे. कुटुंबप्रमुख उल्हास. मी वाकडा जुळलेला हात पुढे केला. त्यांनी मान फिरवली आणि वर कळवतो म्हणाले.
संध्याकाळी रक्षितानं नोकरीची पर्वा न करता नोंद हातानं तोडली.

२६ मार्च
सकाळी परत जोडलेली. जोडणारच. आई तीच आहे ना. मीच शिकवलं.

आईला फोन केला. ती रडत होती. काल उल्हासचा फोन आला होता म्हणाली. शिवीगाळ नाही, माझी चौकशी नाही. शर्ट नीट पोचला का, एवढं तिला विचारा, म्हणाला.

२७ मार्च
हुबळीच्या बसचं तिकीट काढलं. शेजारची सीट आपोआप राखून ठेवली गेली — कुटुंबीयांसाठी. रद्द केलं. आता काहीही केलं तरी त्याला दिसणार. मला फार भीती वाटतेय.

अक्कांना सगळं सांगितलं. चामराजपेटेत दिरांच्या घरी ठेवते म्हणाल्या, तिथे कोण कुठली म्हणून कुणी विचारत नाही. उद्या दुपारी त्यांचा मुलगा गाडी काढेल. फोन इथेच टाकून जायचं.

२८ मार्च, दुपार
बॅग भरली. अक्का गाडीत बसायला खाली गेल्यात, पाच मिनिटांनी ये म्हणाल्या —

फोन वाजला. गेटचं ॲप. कुणी आलं की ते मला विचारतं, आत सोडू का. आज विचारलं नाही. नुसतं कळवलं. कुटुंबातील सदस्य आत आले, परवानगीची गरज नाही.

गेटवर फोन लावला. वॉचमन खुशीत होता. साहेबांचा फोटो स्क्रीनवर आला, नाव आलं, मी सलाम ठोकला, म्हणाला. लिफ्ट कुठली तेही दाखवलं —

जिन्यानं जावं तर — नको, लिफ्ट थांबल्याचा आवाज —

दार बंद आहे. कडी लावते. कडी — या नव्या दारांना कडीच नाही, नुसतं ते ॲपचं कुलूप, लाल दिवा असतो तोवर बंद —

हिरवा झाला. मी हातही लावलेला नाही आणि