पाण्याने न पुसणारी रेघ

प्रिय बारक्या,

अक्षर बघून हसू नकोस. ज्या हाताने मी पट्टी न लावता दगडावर सरळ रेघ मारायचो, तो हात या नव्या औषधांनी थरथरतो. डॉक्टर म्हणतात, हळूहळू कमी होईल. तुझी वहिनी म्हणते, तुमचं अक्षर आधी तरी कुठे मोत्यासारखं होतं! हेही ती दारातूनच म्हणते, मास्क लावून, त्यामुळे ती हसली की नाही हे मला तिच्या डोळ्यांवरून ओळखावं लागतं. फोन सोडून हा पत्राचा खटाटोप कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू दोन वाक्यं बोलतोस आणि घाईघाईने ठेवून देतोस. पत्र मध्येच खाली ठेवलंस तरी कधीतरी परत उचलशील.

फुप्फुसं बदलली त्याला आज अकरा आठवडे झाले. वरच्या खोलीतले जाड पडदे गेले, सतरंजी गेली, आईच्या कुंड्यासुद्धा खाली गेल्या, कारण मातीत म्हणे बुरशी असते. उरला मी, खाट, खुर्ची आणि ती खिडकी. सकाळी आधी वजन, मग ताप, मग छोट्या यंत्राच्या नळीत जीव खाऊन तीनदा फुंकायचं आणि त्यातला मोठा आकडा वहीत लिहायचा. घरात त्या यंत्राचं नाव फुंकणी पडलंय. आकडा घसरला की लगेच हॉस्पिटलला कळवायचं. अजून घसरलेला नाही. जिना एका दमात चढतो. हे सुख काय असतं ते मी विसरूनच गेलो होतो.

पण तुला खरं सांगतो, फार एकटं वाटतं. सगळं घर माझ्यासाठी राबतंय, त्यामुळे हे बोलायचीही चोरी. वहिनी कोपरापर्यंत हात धुऊन ताट आणते, ठेवते आणि दारापाशी जाऊन उभी राहते. तुझी पुतणी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून मला धडा वाचून दाखवते, तिथून वर यायचं नाही असं तिला बजावलंय. आईला जिना चढवत नाही. ती सकाळी खालून झाडूच्या दांड्याने छताला दोन ठोके देते, मी टाचेने दोन परत देतो. तेवढंच आमचं बोलणं. दिवसभरात मला हात लावतो तो फक्त रक्त न्यायला येणारा माणूस, आणि तोही हातमोजे घालून. ज्याची फुप्फुसं मला मिळाली तो कोण होता, काय करायचा, हे कुणी सांगत नाही. मी त्याच्याशी बोलतो. शिंक आली तर आधी त्याची माफी मागतो. हसशील, पण या खोलीत सोबत म्हणून तोच आहे.

आणि दुसरा तू. सकाळी सातला कामावर जाताना खिडकीखाली दिव्याच्या खांबापाशी थांबतोस आणि हात वर करतोस. मी पावणेसातपासूनच खुर्ची ओढून बसलेला असतो, हे तुला माहीत नसेल. आधी तू जिन्यापर्यंत यायचास, खालून ओरडून माझी चेष्टा करायचास. गेले तीन आठवडे आत आला नाहीस. सर्दी आहे दादा, तुला लागायला नको, म्हणालास. तीन आठवडे कसली रे सर्दी? सोमवारी तू खांबाला धरून उभा होतास. माझ्याकडे पाठ केलीस आणि खोकलास. मग तोंड पुसून वळलास, आणि असा हसलास की जणू मी काही पाहिलंच नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय लहानपणापासूनची आहे. खिडकी बंद होती, मला आवाज आला नाही. यायची गरजही नव्हती. त्या खोकल्यात खांदे कसे वर येतात, दुसरा हात कुठे जातो, हे मला पाठ आहे. सात वर्षं तो माझ्याकडेच मुक्कामाला होता.

तू कारखान्यात आलास तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास. स्वयंपाकघरातल्या ओट्यांचे दगड कापायचे, सिंकसाठी चौकोन काढायचा. करवतीला पाण्याची नळी होती, मालकाने ती धूळ बसावी म्हणूनच लावली होती. पण पाणी सुटलं की पेन्सिलची रेघ वाहून जायची, पायाखाली राड व्हायची आणि चौकोन केसभर वाकडा जायचा. पहिल्याच आठवड्यात तुझा दगड वाकडा कापला गेला आणि तू रडकुंडीला आलास. तेव्हा मी नळीची तोटी फिरवून बंद केली आणि म्हणालो, पाणी बंद कर आणि रेघ बघ. बाकीचेही तसंच करायचे, पण तुला शिकवलं मी. दादा म्हणतो म्हणजे बरोबरच, म्हणून तू त्या दिवसापासून कोरडंच कापत आलास. संध्याकाळी आपल्या दोघांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. आई म्हणायची, दोन म्हातारे आले घरी. आपण हसायचो, आणि तीच धूळ आत छातीतही बसत होती.

परवा काय झालं सांगतो. औषधांचा तक्ता वहिनीने पेनने लिहिलाय. पुतणीने त्यावर मेणखडूने चित्रं काढलीत, सकाळच्या गोळ्यांपुढे सूर्य आणि रात्रीच्या गोळ्यांपुढे चंद्र. माझा हात थरथरला आणि पेला त्या तक्त्यावर सांडला. वहिनीची अक्षरं पार पसरली. सूर्य आणि चंद्र जसेच्या तसे राहिले. मी बोट लावून चोळून बघितलं, तरी रेघ हलली नाही. घरात दप्तरात खडूची पेटी होती रे, आणि आपण अकरा वर्षं पेन्सिलच्या रेघेसाठी पाणी बंद करत होतो. काखेत कळसा म्हणतात तो हाच. मी तो ओला कागद हातात धरून रडलो. वहिनीला वाटलं, तक्ता खराब झाला म्हणून. ती म्हणाली, अहो, दुसरा लिहिते की.

म्हणून हे पत्र. पाकिटात एक काळा मेणखडू आहे, पुतणीने आपल्या पेटीतून दिलाय. आजपासून रेघ याने मारायची आणि नळी उघडी ठेवायची, कोण काय म्हणेल ते म्हणू दे. सोबतच्या डब्यात एक फुंकणी आहे. नवी आहे, माझी उष्टी नाही. येत्या मंगळवारी दहा वाजता माझ्या फुप्फुसांच्या डॉक्टरांकडे तुझं नाव लिहून ठेवलंय. वहिनी सोबत येईल, आईला अजून सांगितलेलं नाही. फुंकणीवर आकडा चांगला आला तरी छातीचा फोटो काढायचाच, खोकला लागल्यावर माझाही आकडा पहिली दोन वर्षं चांगलाच होता आणि त्याच्या भरवशावर मी गेलो नाही. मला खूप भीती वाटते बारक्या. माझ्यामागे घर तरी आहे, तू त्या भाड्याच्या खोलीत एकटा खोकत असतोस. तुला शिव्या द्यायच्या असतील तर मला दे, मी ऐकून घेईन, पण जा. आणि उद्या सकाळी तीनदा फुंक. खिडकीखाली येशील तेव्हा नुसता हात वर करू नकोस, कागद वर धर. मोठा आकडा त्यावर या खडूने लिही, मला वरून वाचता येईल एवढा. जो असेल तोच लिही. मी पावणेसातपासून बसलेलो असेन.

तुझाच,
दादा