टिटवी कड्याच्या गेटचे दोन गज कच्चे ठेवण्याबाबत

प्रति,
मा. मंडळ अधिकारी साहेब,
महसूल मंडळ कवठखडी, जि. लातूर

विषय : टिटवी कड्याच्या वाटेवरील लोखंडी गेटचे दोन गज कच्चे जोडण्याचा लेखी हुकूम येत्या रविवारच्या आत मिळणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस दि. २०/०२/२००९ व आपले समाधानपत्र दि. १३/०३/२००९.

महोदय,

अर्जदार नजीर वल्द कलीम, धंदा विहिरीतल्या मोटारी काढणे व वेल्डिंग, राहणार कवठखडी. अर्ज त्याचा, अक्षर आपल्या कचेरीच्या दारात टेबल मांडून बसणाऱ्या साहेबरावाचे. अर्जदाराचे बोलणे शासकीय भाषेत बसवले आहे. जे बसले नाही ते तसेच ठेवले, त्याला माझा इलाज नाही.

१) १९९३ च्या भूकंपात अर्जदार व मयत निवृत्ती हे दोघे मोटारीचे दोर घेऊन पडक्या गावात गेले आणि ढिगाऱ्यातून माणसे काढली. त्या दिवशी त्यांना कोणी परवाना विचारला नाही. पुढे गावातली पोरे दगडी भिंतीला टेकेनात, छपराखाली झोपेनात. तेव्हा निवृत्तीने त्यांना कड्यावर नेले, कमरेला दोर बांधला आणि दगडाला हात लावायला शिकवले. त्याचे स्वतःचे आईबाप दगडाखालीच गेले होते. तेव्हापासून पंधरा वर्षे त्यांचा गट दर रविवारी कड्याची वाट राखतो. बाभळी तोडायच्या, पायऱ्या बसवायच्या, सैल दगड पाडायचे, लोकांचा कचरा उचलायचा, हे सगळे फुकट.

२) मग लातूरच्या क्लासवाल्यांना बरकत आली. कड्याला लागून एका क्लासचे वसतिगृह उभे राहिले. पोरे पुस्तक सोडून खिडकीतून कडा बघतात, अशी संचालकांची तक्रार आली. आपण हुकूम काढलात की वाटेला गेट बसवा, नाहीतर कडा बंद. कोतवालाने रविवारी सकाळी सातला माणसे मोजून आत सोडावीत, बाहेरून कुलूप घालावे आणि संध्याकाळी पाचला मोजून बाहेर काढावीत. गुरेसुद्धा दुपारी पाण्याला सोडतात, पण ते असो. कडा हातचा जाऊ नये म्हणून गटाने हे मान्य केले आणि अर्जदाराने गेट स्वतः बनवले. नऊ फूट उंच, वर टोकदार भाले, बोटाएवढे जाड गज. आपला जोड आजवर कुठल्याच विहिरीत सुटला नाही, याची त्याला फार घमेंड होती.

३) दि. १५/०२/२००९, रविवार. पावणेदहाच्या सुमारास सैल दगड पाडताना दगडाच्या धारेने दोर कापला आणि निवृत्ती खाली आला. मांडीचे हाड बाहेर आले होते. झोळी करून त्याला गेटापर्यंत आणले. कोतवाल किल्ली खिशात घालून हदगावला लग्नाला गेला होता. माणूस गेट चढून जातो, झोळी जात नाही. आतल्या बाजूने वसतिगृहाचे मागचे दार आहे, तिथून वाट मागितली. राखणदार म्हणाला, "पेपर चालू हाय. बारापर्यंत कुनाला सोडायचं न्हाई, पोरायचं चित्त उडतंय." तो खोटे बोलत नव्हता, पेपर खरोखर चालू होता. अर्जदार गेट चढून दुकानावर गेला. गेटापाशी वीज नाही म्हणून हाताची करवत आणली आणि स्वतःचाच गज कापायला बसला. निवृत्ती शुद्धीवर होता. तो म्हणाला, "नजीर, लई पक्कं केलंस रे." हे तो हसून म्हणाला, असे अर्जदार मला चार वेळा सांगून गेला. दुसरा गज निघाला तेव्हा साडेबारा झाले होते. पेपर सुटला होता, आणि निवृत्ती त्याच्या आधीच गेला होता.

४) पाच दिवसांनी शासकीय गेटची नासधूस केल्याबद्दल आपली नोटीस आली. गेट पूर्ववत करा, नाहीतर कडा कायमचा बंद. अर्जदाराने ते केले. आपण स्वतः हातोडा मारून पाहिलात आणि समाधानपत्रात "जोड पूर्वीपेक्षा मजबूत" असा शेरा दिलात. खरे तर त्या दिवशी जोड कच्चे ठेवायचे, असे अर्जदार घरून ठरवून निघाला होता. हाताने ऐकले नाही. "पंचवीस वर्षाची सवय हाय साहेबराव, मला खराब काम येतच न्हाई," असे म्हणून तो माझ्या टेबलाशी रडला. मीही कागद उगाच इकडेतिकडे केले.

५) गेटाच्या आत एक जादा किल्ली टांगावी, अशी विनंती त्याने निवृत्ती गेल्यावर, या अर्जाच्या आधी केली होती. गटाच्या अध्यक्षाची सही नाही, सबब विचार करता येत नाही, असे उत्तर मिळाले. अध्यक्ष निवृत्तीच होता. सही कुठून आणायची ते उत्तरात नाही.

६) आपल्या हुकुमात आणखी एक कलम आहे. सलग चार रविवार कोतवालाच्या वहीत आत गेलेल्यांची किमान दोन नावे नसतील तर परवानगी रद्द आणि जागा वसतिगृहाला. गेट जोडल्यापासून तीन रविवार गेले. गटातली बाकी माणसे आता येत नाहीत, त्यांना मी बोल लावणार नाही. येत्या रविवारी, दि. ०५/०४/२००९ रोजी, अर्जदार जाणार आहे. दुसरे नाव त्याची मुलगी लायबा, वय एकोणीस. निवृत्तीकाकांची वाट मी जाऊ देणार नाही, असा तिने हट्ट धरला आहे. बापलेक आत गेले की कोतवाल कुलूप घालणार.

सबब विनंती, की गेटच्या डावीकडचा तिसरा व चौथा गज कच्चा जोडण्याचा लेखी हुकूम अर्जदाराला द्यावा. त्याने जन्मात सरकारी हुकूम मोडलेला नाही. हुकूम असला तर हात ऐकेल, असे त्याला वाटते. मला तसे वाटत नाही, पण अर्ज त्याचा आहे.

शनिवारपर्यंत कचेरीच्या पायरीवर बसून राहणारा,
आपला नम्र,
नजीर वल्द कलीम (सही)

गटाच्या अध्यक्षाची सही : जागा मोकळी सोडली आहे.

कवठखडी, दि. ३०/०३/२००९

सोबत :
१) समाधानपत्राची प्रत.
२) मयताची पत्नी चांगुणा हिने दिलेला मृत्यूचा दाखला.
३) करवतीची तुटलेली पाती, सात.
४) लायबाचे हमीपत्र, आपल्या छापील नमुन्यात : "आत काही बरेवाईट झाल्यास कार्यालय जबाबदार राहणार नाही." साक्षीदार म्हणून बापाची सही आहे.