छत्रीवाल्याचे नव्व्याण्णव जीव

३ जून, मंगळवार
लेकीने आज एक डबी आणली. डबी म्हणजे आमच्या लहानपणचं गेमचं यंत्र, कंपनीने नव्याने काढलेलं. आकार मूळच्या निम्मा, जुने गेम आत आधीच भरलेले, टीव्हीला लावलं की सुरू. त्यात 'छत्रीवाला' आहे! सुट्टीत केलेल्या कामाच्या पैशांतून घेतली म्हणाली.
अठ्ठावीस तारखेला ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाणार. तोवर रोज संध्याकाळी आपण दोघं खेळू, बाबा, आणि ते लोखंडी घुबड तू कसं पाडलंस ते मला बघायचंय, म्हणाली.
घुबड शेवटच्या लेव्हलला असतं. मी नववीत असताना पाडलं होतं. ते धाडकन कोसळतं आणि आकाशातून फुलं पडतात. घरात सगळ्यांना हे पाठ आहे, कारण मीच सांगत आलोय.

४ जून
खेळलो. दुसऱ्या लेव्हलला खिळ्यांवर पडून मेलो. परत तिथेच मेलो. परत तिथेच.
कंट्रोलर फारच चिमुकला. मोठ्या माणसाच्या हाताचा विचार कुणी केलेलाच नाही.
लेक म्हणाली, बाबा, तू नक्की पूर्ण केला होतास ना? हसत म्हणाली. पण म्हणाली.
ही कपड्यांना इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, उडी लवकर मारताय. आयुष्यात कधी कंट्रोलर हातात धरला नाही!

६ जून
मोठा शोध लागला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून इंटरनेटवर वाचत बसलो. या डबीत जुन्या गेमची मूळ फाइल जशीच्या तशी असते. ती कॉम्प्युटरवर काढायची, आत हवे ते बदल करायचे आणि परत डबीत टाकायची. जगभर लोक करतात.
छत्रीवाल्याला जीव असतात तीन. मी नव्व्याण्णव करणार. ही फसवणूक नाही. वयोमानाप्रमाणे दिलेली सवलत आहे. शिवाय जुन्या वस्तूंचं जतन वगैरे त्यात आलंच.
संकल्प: दोन दिवसांत काम फत्ते. मग लेकीसमोर घुबड.

८ जून, रविवार
अख्खा दिवस केबलमध्ये गेला. कॉम्प्युटर डबीला ओळखच देईना. संध्याकाळी कळलं की ती केबल फक्त चार्जिंगची.
लेक कंट्रोलर घेऊन सोफ्यावर बसली होती. म्हटलं, जरा दम धर, बाबा मोठ्या कामात आहे. ती बरं म्हणाली. समजूतदार आहे. माझ्यावर गेलीय.

११ जून
फाइल बाहेर आली! नवी केबल, आणि इंटरनेटवरच्या एका गृहस्थांचं थोडं मार्गदर्शन. स्वतःचं नाव ते 'पिक्सेलपिशाच' असं लावतात. माणूस सज्जन आहे, पण फार भित्रा. आधी मूळ फाइलची कॉपी ठेवा, मगच हात लावा, असं तीनदा लिहिलं. मी टाइल्सच्या धंद्यात केस पिकवलेत. एकदा लादी बसवली की बसवली. कॉपी कसली ठेवायची?

१४ जून
फाइल उघडली. आत नुसते आकडे आणि अक्षरं, ओळीच्या ओळी. आमच्या गोदामातल्या खोक्यांवर असतात तसे कोड. मला हे जन्मजात कळतं असं वाटलं.
तीन जीव म्हणजे ०३. शोधलं. ०३ शेकडो जागी निघाला. त्यातला मनाला पटेल तो बदलला. छत्री हिरवी झाली. दुसरा बदलला. संगीत उलटं वाजू लागलं. पिशाचने शेवटी बरोबर जागा सांगितली, तिथे ९९ टाकलं. छत्रीवाला पहिल्यांदा पडला आणि थेट गेम ओव्हर. आधी निदान तीन संधी होत्या.
पिशाचचं म्हणणं, यंत्र सोळाच्या हिशेबाने मोजतं, तिथे ९९ म्हणजे आपले नव्व्याण्णव नव्हेत, आणि एवढा मोठा आकडा या गेमला शून्याच्या खालचा वाटतो. मी त्याला कळवलं की आमच्या दुकानात नव्व्याण्णव मागितल्या तर नव्व्याण्णवच टाइल्स मिळतात. उत्तर आलं नाही. निरुत्तर झाला असावा.

१५ जून, रविवार
लेक म्हणाली, चल ना बाबा, एक डाव, साधाच. म्हटलं, मोडक्या गेमवर कशाला वेळ घालवतेस?
हल्ली दुकानातून आलो की डबी हाताला गरम लागते. उकाडा फार आहे.

१९ जून
आज मात्र माझं पारडं जड! पिशाचने सहज सांगितलं की या गेममधली सगळी चित्रं छोट्या चौकोनांची असतात आणि त्यांना टाइल्स म्हणतात. टाइल्स! अरे, आधी नाही का सांगायचं!
खिळ्यांच्या टाइलवर साध्या फरशीची टाइल बसवली. सांधा इतका सफाईदार, की आमच्या मिस्त्रीलाही जमला नसता. घरच्यांना बोलावलं. छत्रीवाला सपाट फरशीवरून ऐटीत चालत गेला आणि मेला.
खिळे तिथेच आहेत. फक्त आता दिसत नाहीत. टोचायचा नियम म्हणे फाइलमध्ये दुसरीकडेच असतो. लेक हसून हसून सोफ्यावरून खाली आली.
मग हिने गंमत म्हणून कंट्रोलर घेतला. मोकळ्या फरशीवर इथे उडी, तिथे उडी, थोडं थांबून परत उडी, असं करत पलीकडे गेली. न दिसणाऱ्या खिळ्यांवरून! नवशिक्यांचं नशीब, दुसरं काय.

२२ जून, रविवार
दुपारी डबी मेली. काळा पडदा. कॉपी नव्हती. आणि डबी लेकीची.
मी काही बोलायच्या आत लेक आली, स्वतःचा लॅपटॉप जोडला आणि डबी जिवंत केली. तिने पहिल्याच आठवड्यात कॉपी ठेवली होती म्हणे. का ठेवली होती, ते मी विचारलं नाही.
रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, बाबा, आता थोडेच दिवस राहिलेत. आहे तसाच खेळू या का? हरलास तरी चालेल मला.
हरलास तरी चालेल! तिला वाटतं मी हरायला घाबरतो. म्हटलं, आता मागे हटायचं नाही. जीव वाढवत बसण्यापेक्षा छत्रीवाला मरूच नये अशी व्यवस्था करतो, मग तुला घुबड दाखवतो. ती खोलीत बॅग भरायला गेली.

२६ जून
दुकानात एक नवराबायको बाथरूमसाठी न घसरणाऱ्या टाइल्स बघायला आले. माझं लक्ष फाइलमध्ये. बोलून गेलो, म्हणजे माणूस पडला तरी मरू नये, असंच काहीतरी हवंय ना तुम्हाला? बाईंनी नवऱ्याचा दंड धरला आणि दोघं निघून गेले. मालकांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? म्हटलं, घरी क्रांती होऊ घातलीय. ते म्हणाले, रजा हवी असेल तर घ्या, मुलगी जाणार आहे ना तुमची?
रजा घेतली. फाइलवर बसलो.

२८ जून, शनिवार
लेक गेली.
स्टेशनवर आईच्या गळ्यात पडली, कानात काहीतरी पुटपुटली, दोघी हसल्या. मग माझ्या गळ्यात पडली. बराच वेळ. माझ्या खिशातली केबल तिला टोचली. म्हणाली, हे काय आणलंयस? म्हटलं, चुकून राहिलं. गाडी हलल्यावर ती दारातून ओरडली, झालं की सांग मला!
म्हटलं, उद्याच!

२९ जून, रविवार
जमलं! जमलं! छत्रीवाला मरत नाही!
खिळ्यांवरून नाचत गेला. दुसरी लेव्हल पार. तिसरी पार. वटवाघळं अंगावर आली, काही नाही. चौथ्या लेव्हलला दोन मनोऱ्यांच्या मध्ये दरी आहे. तिच्यात पडला.
पडतोय. दरीला तळ नाही. आधी पडला की मरायचा आणि कड्यावरून पुन्हा सुरुवात व्हायची. आता मरतच नाही, त्यामुळे पडतोच आहे. मी चहा करून आणला, पिऊन झाला, पडतोच आहे. पिशाचला विचारलं, वर कसा आणायचा? त्याने लिहिलं, त्यासाठी आधी त्याला मरू द्यावं लागतं.
ही बाजूला येऊन बसली. मग म्हणाली, बंद करा आता, बघवत नाही. लेकीने ठेवलेली मूळ फाइल हिनेच परत घातली. एवढं कुठून शिकली? विचारलं, तर म्हणाली, तुम्ही दुकानात असताना दुपारी आम्ही दोघी खेळायचो. मागच्या बुधवारी पूर्ण केला. शेवटची लेव्हल मी काढली.
मी म्हटलं, मग घुबड?
ती म्हणाली, अहो, ते पडत नाही. त्याला छत्री द्यायची असते. मग ते छत्री घेऊन उडून जातं. फुलंबिलं काही नाहीत.
मी म्हटलं, आमच्या वेळचा गेम वेगळा असेल.
ती म्हणाली, असेल. लेकही हेच म्हणाली.

६ जुलै, रविवार
आज मूळ फाइलवर, तीन जीवांत, दुसरी लेव्हल पार झाली.
ताबडतोब लेकीला फोन लावला. तिच्या खोलीत अजून पंखा नाही, सामान खोक्यांतच आहे, ऑफिसात कुणाशी ओळख नाही. आवाज जरा बसलेला वाटला. सगळं ऐकून घेतलं आणि मग बातमी दिली. ती एकदम खूश झाली. म्हणाली, खरंच? बाबा, तू? खिळे पण?
म्हटलं, खिळे पण.
खिळ्यांपुरता कंट्रोलर हिच्या हातात होता. ही शेजारीच बसून फोनवरचं सगळं ऐकत होती.
लेक म्हणाली, मी असायला हवं होतं रे. म्हटलं, सुट्टीत ये, तुझ्यासमोर खेळून दाखवतो. पहिलं वर्षभर सुट्टी मिळणार नाही म्हणाली.
फोन ठेवल्यावर हिने कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, वर्ष आहे हातात. करा सुरू.
पहिल्याच खिळ्यावर मेलो.