बांधावरचं गवत

जिते, ता. पेण
१० सप्टेंबर २०२५

कावीळ म्हणे! गणपतीत नितेश माझ्यासमोर बसला होता. करंजी हातात धरली आणि तशीच खाली ठेवली. डोळे पिवळे नव्हते, रिकामे होते. तुझी सासू सगळ्या वरसे गावाला कावीळ सांगत फिरते, आणि तू मला पण तेच सांगतेस?

चि. सौ. पूजा हिला आजीचे अ. आ. फोनवर सासू कान लावून बसते, म्हणून ही चिठ्ठी अनिताबरोबर धाडतेय. ती भाजी घेऊन रोह्याला येतेच. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, लावून वाच. नवऱ्याला काय झालंय ते खरं लिही.

तुझी रागावलेली आजी,
बायजाबाई

वरसे, रोहा
१३ सप्टेंबर

ती. आजीस पूजाचा सा. न. वि. वि.

तू ओळखलंस. नितेश कंपनीतून येतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो. परवा म्हणाला, मी नसलो तर तुमचं बरं होईल. मी भांडी घासत होते, घासतच राहिले. अशा वेळी काय बोलायचं असतं गो आजी? शेजारी काविळीवर ऊस आणून देतात. तो बिचारा मुकाट चावतो.

बाबांनी जीव दिला तेव्हा महिपतीकाकांनी साप चावला असं गावाला सांगितलं, म्हणून माझं लग्न जमलं. आता खरं बाहेर आलं तर सासरी म्हणतील, बापाचं हिच्या पायानं आमच्या घरात आलं. पितरांच्या चौदसेला बाबांचं पान वाढशील तेव्हा गप्प राहा. एवढं ऐक. माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझी पूजा

जिते
२० सप्टेंबर, चौदस

चि. सौ. पूजास आशीर्वाद.

नाय ऐकलं. आज पंगत बसली आणि दरसालसारखं शेजारच्या चंद्रावतीनं सापाचं काढलं, केवढा होता, कुठून आला. तुझा बाप हिरामण गेला तेव्हा सगळ्या गावानं बांधावरचं गवत कापलं होतं, आठवतं? अजून पोरांना तिथं जाऊ देत नाय. नसलेल्या सापासाठी एवढे कोयते निघाले, आणि माझा पोरगा जायच्या आधी वर्षभर गप्प होता तेव्हा एकानं इचारलं नाय.

वाढता वाढता बोलले, साप नव्हता. माझ्या हिरामणनं जीव दिला. तो भित्रा नव्हता, आजारी होता. ह्यापुढं माझ्या दारात सापाचं नाव काढायचं नाय.

महिपती पानावरून उठला. म्हटलं जा, तुझी खीर दुसऱ्याला वाढते. बाकी कोण उठलं नाय. हात धुताना मिठागरावरचा कान्हू मागं थांबला. म्हणाला, काकी, माझ्या पण मनात तसलं येतं. एवढा दांडगा बाप्या, तांब्या हातात धरून रडला.

त्याला सोमवारी पेणला मनाच्या डॉक्टरणीकडे नेतेय. नितेशला घेऊन तू पण यायचं. तवर त्याला एकटा ठेवू नको. आणि सरळ इचार, मरावंसं वाटतं का. इचारल्यानं कोण मरत नाय गो. नितेशचं नाव मी पंगतीत काढलं नाय, ते त्याचं तो काढील. सासू काय बोलली तर माझ्याकडे धाड.

माया हाय ती हाय, वेगळी मागू नको.

आजी

ता. क. ह्या चिठ्ठीला उत्तर तू द्यायचं नाय, सासूनं पण नाय. नितेशनं द्यायचं. मला शिव्या घातल्या तरी चालतील, पण अक्षर त्याचं पाहिजे. अनिताला सांगून ठेवलंय, त्यानं लिहून हातात देईपर्यंत तुझ्या ओट्यावरून उठायचं नाय.