अंगद नाक्यावर आलाच नव्हता

२१ एप्रिल २०२०

नाक्याची ड्युटी लागली. तेलंगणाच्या हद्दीवर एक मंडप, दोन टेबलं आणि ताप मोजायची बंदूक! सोळा वर्षं मराठी शिकवून आता येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपाळावर बंदूक धरायची. जोडीला आमच्याच शाळेचे रामलिंग सर. तहसीलचा शिपाई आला तरी लगबगीनं उभे राहतात. गोगलगाय परवडली — तिला निदान शिंगं तरी असतात.

२३ एप्रिल

आज नको ते पाहिलं. निजामाबादकडून एक जोडपं पायी आलं — अंगद आणि अयोध्या. देवणीकडचे. तिकडं सेंट्रिंगच्या कामावर होते. मी रजिस्टरात दोघांची नावं घेतली. ताप नाही. वेळ ११.४०.

तेवढ्यात नाक्यावरच्या फौजदारानं एका म्हाताऱ्याच्या पोटरीवर काठी हाणली. का, तर मास्क नाकाखाली आला होता! स्वतःचा मास्क हनुवटीला लोंबत होता — गुटखा थुंकायला सोपं पडावं म्हणून. अंगदनं मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं.

"साहेब, म्हातारं माणूस हाय. कशाला मारायलात?"

एवढंच बोलला. चौघा पोलिसांनी धरून त्याला जीपमध्ये कोंबलं. अयोध्या मागं धावली. फौजदार तिला म्हणतो, "कारंटाईनला नेऊन राहिलो. चौदा दिवसांनी ये."

रामलिंग सर पेनाचं टोपण काढत-लावत बसले होते. शी!

७ मे

अयोध्यालाही विलगीकरणात ठेवलं होतं, आज सुटली. सरळ आमच्या टेबलाशी आली. "बाई, आमच्या मालकाला कुठं ठिवलंय?"

कुठल्याच केंद्रात अंगद नाही. ठाण्यात म्हणाले, असा कुणी आम्ही आणलाच नाही. मोठे साहेब हाताला सॅनिटायझर चोळत म्हणाले, "आधी तोंड झाक." त्यांच्या गावच्या सरपंचानं फोनवर अक्कल पाजळली — "पळाला असंल दुसरीकडं!"

शहाणे! बायकोला भर उन्हात टाकून, चार पोलिसांच्या मधून, चालत्या जीपमधून पळाला! यांच्या बुद्धीची आरतीच ओवाळावी.

१२ मे

रोज येते. मंडपाबाहेर बसून राहते. फौजदार तिला "ए कोरोना" म्हणून हाक मारतो आणि बाकीचे हसतात. माणसं आहेत की काय आहेत!

१५ मे

आज फौजदार स्वतः खुर्ची ओढून बसला. आवाज एकदम मधाळ. "बाई, २३ तारखेचं पान जरा नव्यानं लिहा. शाई पसरलीय."

शाई कुठंच पसरली नव्हती.

"त्यात अंगद नावाचं कुणी नको." मग इकडंतिकडं बघत — "तुमचे मिस्टर नांदेडला मेडिकलवर असतात ना? पासशिवाय जाणं-येणं चालतं म्हणे."

रामलिंग सर समोरच. पुन्हा टोपण काढत-लावत बसले. भित्रा!

१६ मे

लिहिलं.

एक पान तर आहे. अयोध्याचं नाव ठेवलं, त्याच्या वरचं गाळलं. साहेब तपासणीला यायचे म्हटलं की न आलेली पोरं पटावर हजर करतोच की आपण! जुनं पान फौजदारानं घडी करून खिशात घातलं. "अक्षर छान आहे हो तुमचं."

मी एकटीनं काय करायचं होतं? रामलिंग सर तरी कुठं बोलले!

१८ मे

अयोध्या म्हणाली, "बाई, तुमी लिवलं व्हतं ना त्यांचं नाव? माज्या डोळ्यादेखत. तेवढं दाखवा."

"साहेबांना विचार," म्हटलं.

ती रागावली नाही. फौजदाराकडं जशी बघते, तशी माझ्याकडं बघितली आणि गेली.

४ ऑगस्ट

उदगीरच्या कुणा वकिलानं अयोध्याकडून औरंगाबादला खंडपीठात अर्ज टाकलाय — माणूस हजर करा म्हणून. पोलिसांनी उत्तर दिलं, अंगद नाक्यावर आलाच नव्हता. पुरावा — रजिस्टरचं पान. माझ्या अक्षरातलं.

दुपारी रामलिंग सर घरी आले. आत येईनात. उंबऱ्यापाशीच घसा खाकरत राहिले. "बाई, आपण दोघं मिळून खरं सांगून टाकू या का?"

"तुम्ही?" म्हटलं. हसू आवरेना. फौजदारासमोर तोंडातून ब्र निघत नाही आणि कोर्टात बोलणार! दार लावून घेतलं.

नंतर जेवण गेलं नाही.

२७ ऑगस्ट

रामलिंग सरांनी एकट्यानं शपथपत्र दिलं. जुन्या पानाचा फोटो त्यांनी २३ एप्रिललाच काढून ठेवला होता. फौजदार निलंबित झाला. अंगद अजून सापडलेला नाही.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "बाई, तुमचं नाव गाळता आलं नाही."