अभ्यासाला बसवलेली सून

घाटनांदूर, ५ जानेवारी

ती. सौ. सत्यशीला आत्यास सायलीचा शि. सा. न.

फोनवर सगळं घर ऐकतं, म्हणून पत्र. तशी मी मजेत आहे. फक्त एका खोट्यात अडकले आहे. पाहुणे आले की सासूबाई माझ्यापुढची परात ओढून घेतात, मला पुस्तक देऊन खोलीत बसवतात आणि बाहेर सांगतात, सून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करती. मी कसलीच परीक्षा देत नाही गं. मला घर सांभाळायला मनापासून आवडतं. एवढी शिकलेली सून भाकरी थापती म्हटल्यावर गावात काय शोभा, हे त्यांचं म्हणणं. ह्यांना विचारलं, तर तू आणि आई बघा म्हणून मोकळे. आता संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका विचारणारच. खरं बोलले तर सासूबाईंचा अपमान, खोटं बोलले तर मला झोप नाही. काय करू?

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी सायली

गेवराई, ९ जानेवारी

चि. सौ. सायलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पुस्तक निदान सुलटं धरतेस ना? मी अंगणवाडीत लागले तेव्हा माझ्या सासूबाई शेजारी सांगायच्या, सून दवाखान्यात जाती. सून कमावते म्हणायची लाज. गल्लीभर मी आजारी, लोक लिंबं आणून द्यायचे. तुझ्या सासूबाईंना, साखराबाईंना, आधी घरात खरं सांग, बायकांत नको. आणि त्यांना स्वतःला काय करावंसं वाटतं, तेही विचार. कोणी विचारलं नसेल.

जावईबापूंना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वापरत जा.
तुझी आत्या

घाटनांदूर, २ फेब्रुवारी

ती. सौ. आत्यास शि. सा. न.

आधी सांगायचा धीर झाला नाही. हळदीकुंकवात शेजारच्या योगिताकाकूंनी परीक्षा कधी म्हणून विचारलं आणि तोंडून निघून गेलं, की परीक्षा नाही, मी आवडीनं घरीच असते. सासूबाई तिळगुळाचं ताट घेऊन आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. शेवटी भीत भीत तुझा प्रश्न विचारला. भडकल्याच. जलमभर रानात राबले, मग चुलीपुढं. आता बचत गटाच्या बाया डाळ मिलवर बोलावत्यात, तर घर काय तुझा सासरा बघणार हाय का, म्हणाल्या. मी म्हटलं, मी बघते.

सोमवारपासून त्या मिलवर जातात. काल संध्याकाळी आल्या, पदरावरची डाळीची भुकटी झटकून माझ्या सासऱ्यांच्या, सुग्रीवमामांच्या शेजारी बाजेवर बसल्या आणि अगदी मामांसारखे पाय पसरून चहा मागितला. दोघांना दिला. कप मात्र आपापला विसळायचा, असं हात जोडून सांगितलं. सासूबाई मामांकडे बघायला लागल्या. आधी मामा उठले.

माझं काही चुकलं असेल तर लिही, नसेल तरी लिही.
तुझी सायली