शाउट म्हंजी कंची हाळी?

बारामती, मंगळवार

माझी गुणाची धाकटी बहीण झुंबर हिला थोरल्या कौसल्याचा पोटभर आशीर्वाद. कुंडलिकरावांना नमस्कार सांग. त्यांचा गुडघा कसा हाय? शेळी व्याली का? धरणाचं पाणी उतरून देवळाचं शिखर दिसाय लागलं का? हितं समदी खुशाल हायेत. फोन सोडून ही चिठ्ठी तुमच्याकडं निघालेल्या सोनबाच्या हाती का धाडतीय, ते खाली कळंल. आधी बातमी ऐक. अगं, आपल्या रविराजच्या लेकीनं, संस्कृतीनं कबड्डीचं मैदान हालवून सोडलं!

आता पहिल्यापासनं सांगते. सूनबाईच्या फ्लॅटात मोठ्यानं बोलायची सोय न्हाय. दिपाली चांगली हाय (पुरणपोळी माझ्यापरास बरी करती, हे तिला सांगू नगंस), पण जरा आवाज चढला की लगेच 'डोंट शाउट!' मी नातीला इचारलं, शाउट म्हंजी काय गं? तिनं मोबाईलात बघून सांगितलं, हाक मारणं बी शाउट, कुणावर डाफरणं बी शाउट, खेकसणं बी शाउट, आनंदानं आरोळी ठोकणं बी शाउटच. माझं डोस्कंच फिरलं! पाण्यापल्याडनं होडी बोलवायची हाळी येगळी, ज्वारीवरली पाखरं उठवायची हाकाटी येगळी, चोर आला तर बोंब येगळी, बिरोबाच्या जत्रंतलं चांगभलं त्याहून येगळं. इंग्रजांनी समदी एकाच पोत्यात भरली, आणि आमच्या दिपालीनं त्या पोत्याचं तोंड बांधलं.

त्याचं फळ भोगलं पोरीनं. पाय असे चपळ की धरू म्हणता धरवत न्हाय, पण चढाईला गेली की कबड्डी-कबड्डी नुसतं ओठातल्या ओठात. पंचाला ऐकू येईना, की दिली बाद! खेळाचं सर म्हणाले, शनिवारच्या सामन्याआधी आवाज निघाला न्हाय तर संघातनं काढीन. पोरगी जेवंना. म्हणलं, चल गच्चीवर! आधी होडीची हाळी शिकवली, तर खाली रिक्षावाला थांबून 'कुठं जायचं मावशी?' म्हणाला. मग हाकाटी शिकवली, तर समदी कबुतरं उडून शेजारच्या राजेश्वरीबाईंच्या कुरडयांवर बसली. बोंब मारली तवा तर वॉचमन काठी घेऊन वर, आणि त्याच्या मागं अर्धी बिल्डिंग (एकजण लाटणं घेऊन आला हुता, बाप्यामाणूस!). दिपाली दार लावून बसली. पण पोरीचा आवाज निघाला बघ, अस्सल आपल्या घराण्याचा!

शनिवारी गाठ पडली निरवांगीच्या पोरींशी. शेवटची चढाई, आमी एका गुणानं मागं. संस्कृतीनं दोघींना हात लावला आणि गेली तिसरीच्या मागं (हावरी, तुझ्यावरच गेलीय). मागनं त्या पोरींनी साखळी धरली, दोघींनी तर पाय बी पकडला. माझ्या शेजारी सर नाचत समद्यांना सांगत हुते, 'शाउट करा, शाउट करा!' आता कंचा शाउट? घाईत इचार कुठं सुचतो? हात तोंडाशी गेला आणि रोज तिन्हीसांजेला बिल्डिंगीखाली जाऊन पोरीला खेळातनं बोलावते तीच हाळी निघाली, "घरला ये गंऽऽ, दिवस बुडालाऽऽ!"

संस्कृती गपकन माघारी वळली. पण झुंबरे, गंमत पुढंच हाय! निरवांगीच्या पोरी बी माना वळवून बघाय लागल्या! त्यांच्या आज्ज्या बी तशाच बोलावत असणार ना गं. धरलेला पाय सुटला आणि आपली पोरगी रेघ वलांडून हिकडं! मी तर नाचले बाई, लाज कसली त्यात. त्यांच्या बाईंनी मातुर हरकत घेतली. पंचानं नियमाचं पुस्तक दोनदा चाळलं, आज्जीनं हाळी देऊ नये असं त्यात कुठंच न्हाय. शेवटी ठरलं, रविवारी इंदापुरात सामना पुन्यांदा. आणि सर मला हात जोडून म्हणाले, 'आज्जी, तुमी तेवढं घरीच ऱ्हावा.'

बाकी बरं हाय. जिवाला जप, उन्हात हिंडू नगंस.

तुझी कौसाक्का

ता.क. फोन न करायचं कारण, माझा घसा पार बसलाय. डॉक्टरांनी बोलायची बंदी केलीय. दिपालीचा बी बसलाय! मैदानात समद्यांत मोठी आरोळी तिचीच हुती, आता कबूल करत न्हाय. घर इतकं गप्प झालंय की राजेश्वरीबाई दोनदा डोकावून गेल्या, कुणी गेलं-बिलं का म्हणून.

आणखी एक ता.क. खरं काम हेच. काल पोरगी म्हणाली, "आज्जी, दम धरल्यावर मला काय सुधरत न्हाय. तुझी हाळी आली न्हाय तर मी माघारी फिरू कधी?" मला रडूच आलं. म्हणून तू ये. पळसदेवाहून इंदापूर तुला जवळ, आवाज माझ्यावानीच, आणि सर तुला वळखत बी न्हाईत. फकस्त हाळी देताना संस्कृतीचं नाव घे बाई. न्हायतर निरवांगीच्या समद्या पोरी तुझ्या मागं पळसदेवला जेवाय येतील.